पाठीवरची खाच

मंगळवार, ३ मार्च

ही वही मॅडमनी लिहायला सांगितली म्हणून लिहिते आहे. नाहीतर मला असले चोचले नाहीत. "काम करताना काय वाटतं ते लिहीत जा," म्हणाल्या. काय वाटतं? राग येतो. झालं लिहून.

दिवसभर खोक्यांच्या कारखान्यात उभं राहून पुठ्ठ्याचे कोपरे तपासायचे. गुण्या लावायचा, कोपरा नव्वद अंशात नसला की खोकं बाजूला फेकायचं. आणि घरी येऊन परत खोकंच करत बसायचं. नवरा बस चालवतो. तो म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी मी हौसेने बस फिरवली तर तू मला वेड्यात काढशील." मी म्हटलं, तुझी बस भिंतीवर सावली पाडते का? तर म्हणे, "पाडते की, चांगली मोठी पाडते." याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मॅडमचा वर्ग असतो. आम्ही नऊजण. प्रत्येकाने वीतभर खोकं करायचं, त्यात पुठ्ठ्याचे तुकडे उभे करायचे आणि एका दिव्याने त्यांची सावली पाडायची. पुढच्या महिन्यात चित्रदालनात प्रदर्शन आहे. सगळ्यात चांगलं खोकं दारातल्या टेबलावर, एकटं, अंधाऱ्या कोनाड्यात.

ते टेबल मला हवं आहे. आणि टेबलावर माझं नाव. मी तपासलेल्या खोक्यांवर कंपनीचं नाव असतं, दुकानाचं नाव असतं, चपलेचा नंबरसुद्धा असतो. माझं काय असतं? झाकणाच्या आत जांभळा शिक्का. तपासनीस क्रमांक सात. वीस वर्षं झाली.

शनिवार, ७

मॅडमनी माझं खोकं हातात घेतलं, फिरवलं, खाली ठेवलं. "सपाट आहे." एवढंच! दोन आठवड्यांची मेहनत, आणि सपाट! शेजारच्या पोराने आगपेटीच्या काड्या चिकटवून आणल्या होत्या, त्याला मात्र "वा, हालचाल आहे". कसली हालचाल? खोकं टेबलावरून पडलं तेव्हा झाली तेवढीच.

रविवार, ८

टेबलावर जागा नव्हती म्हणून खोकं सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या फळीवर ठेवलं. त्यांना सुईत दोरा ओवायचा होता. त्यांनी मशीनचा बल्ब लावला आणि उजेड खोक्यात आडवा शिरला. खोक्याच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे पाट्यावर, एकदम सावल्या उठल्या, लांबच लांब.

"वरून उजेड टाकलास तर सगळं सपाटच दिसणार," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही माणसाला शर्ट घालून बघायचो तेव्हा खिडकीशी आडवं उभं करायचो. झोळ बाजूच्या उजेडात कळतो."

त्या तीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर होत्या. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत असतं.

"आई, मी तेच करणार होते," मी म्हटलं. आणि खरंच करणार होते. एक-दोन दिवसांत मला सुचलंच असतं. आपण बोलायच्या आधी दुसऱ्याने बोलून टाकलं की कसा संताप येतो!

तो बल्ब मी काढून घेतला. बरोबर मापाचा आहे, आणि पिवळा. आता संध्याकाळी मशीन बंद असतं. बरं झालं, तेवढीच खडखड कमी.

गुरुवार, १२

मला वाकलेली बाई हवी आहे. म्हणजे नुसतं बघितलं तर चार वेडेवाकडे तुकडे, आणि दिवा लावला की पाट्यावर बाई. खाली मान, पुढे एक हात. तीन दिवस कापते आहे. बाई येत नाही, पोतं येतं.

सासूबाई मागे येऊन उभ्या. मला मागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

"तू वस्तू कापत बसलीस," म्हणाल्या. "पडेल ते काप."

"म्हणजे काय?"

त्यांनी पाट्यावर कागद लावला, खडू घेतला, आधी सावलीच आखली. मग तिथून बल्बपर्यंत दोरा ताणून ताणून, कुठला तुकडा कुठे किती उंच लागेल ते मागे मागे येत काढलं. पाऊण तास. गुडघ्यावर हात ठेवून, वाकून. मी आपली दोऱ्याचं टोक धरून, शिक्षा झाल्यासारखी.

मग कात्री मागितली. आमच्या घरात दोन कात्र्या आहेत. लहान कागदाची, आणि मोठी, मुठीला चिंधी गुंडाळलेली, ती फक्त कापडाची. मोठीला कागद लागला की धार जाते म्हणे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिने एक पाकीट उघडलं होतं. एकवीस वर्षं झाली, अजून ऐकते आहे.

रविवार, १५

बाई आली! चार तुकडे बसवले, दिवा लावला, आणि पाट्यावर ती. मान, खांदा, पुढे केलेला हात, सगळं.

पण सुख मिळेल तर शपथ. सासूबाईंनी चारही तुकड्यांच्या कडेला खाच मारून ठेवली आहे! कात्रीच्या टोकाने, अर्धं नखभर. आणि तिसऱ्या तुकड्याची खाच नेमकी बाईच्या पाठीवर येते. त्यातून उजेड पार होतो, आणि काळ्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

"आई, हे काय करून ठेवलंत? हा काय शर्ट आहे?"

"खाच नको? मग जुळवणार कशाला कशाशी? खाच नसली तर तुकडा कुणाचा ते कळत नाही."

"मला कळतं!"

"तुला काय कळतं," म्हणाल्या आणि खडू झटकून गेल्या. त्यातली तिसरी खाच तिरकीसुद्धा आहे. त्यांना सांगितलं तर म्हणे, हात दुखत होता. मी लगदा भरून ती बुजवणार होते, पण चिकटवलेलं सगळं निघून आलं असतं, म्हणून राहू दिली. डोळ्यात खुपते.

नवऱ्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. "ही तर आई," म्हणाला.

"कुणाची आई? कुणीही बाई आहे ती."

"बरं. दोघींनी छान केलंय."

दोघींनी! माझ्या मस्तकात तिडीक गेली. तुकडे कापून दिले त्यांनी, मान्य. पण कल्पना कुणाची? विषय कुणाचा? खोकं कुणाचं? कापणारे हात काय, कुठेही मिळतात. हे मी त्याला चांगलं खणखणीत सांगितलं. सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं असणार.

शनिवार, २१

मॅडमनी खोलीतले सगळे दिवे बंद करायला लावले. मी बल्ब लावला. कुणी हललं नाही. आगपेटीवाला पोरगाही मान पुढे करून बघत होता.

"हे मी ठेवून घेते," मॅडम म्हणाल्या. "जरा अभ्यासायचंय."

"मागे नाव लिहू का?"

"अहो, नावाचं बघू नंतर! आधी काम, मग नाव."

केवढी मोठी बाई, आणि किती साधं बोलते. मी घरी चालत नाही, तरंगत आले. सासूबाई दारातच होत्या. "तुकडे हलले नाहीत ना बसमध्ये? काय म्हणाल्या?" मी म्हटलं, माझं खूप कौतुक केलं. "आणखी?" आणखी काय असणार? कारखान्यात बारा तास झाल्यासारखे पाय दुखत होते, जाऊन पडले.

गुरुवार, २६

निमंत्रणपत्रिका आली. जाड कागद, गुळगुळीत. वर माझ्या खोक्याचा फोटो. माझी बाई, माझा बल्ब, पाठीवर तो ठिपकासुद्धा. आणि खाली नाव.

मॅडमचं.

मी पत्रिका उलटी करून बघितली, मागे बारीक अक्षरांत नुसतं "सगळ्यांचे आभार". पाकिटात हात घालून बघितला. कुठे चिठ्ठी, कुठे काही? काही नाही. गोगलगाय आणि पोटात पाय! "नावाचं बघू नंतर!" बघितलंस की गं बाई, चांगलं स्वतःचं बघितलंस. यापुढे हिला मॅडम म्हणणार नाही, आणि अहो-जाहो तर मुळीच करणार नाही.

कारखान्यात आज मी चौतीस खोकी बाजूला काढली. मुकादम म्हणाला, यातली निम्मी बरी आहेत. मी म्हटलं, मला एकही बरं दिसत नाही.

शनिवार, २८

गेले. वर्ग सुरू व्हायच्या आत गाठली.

"हे खोकं माझं आहे."

"हो, तुम्ही बनवलंत ना," असं हसून, जसं काही मी तिच्या घरची भांडी घासून दिली. "पण हे बघा, विषय मी दिला. सावलीची संकल्पना माझी, वर्ग माझा. तुम्ही मन लावून मदत केलीत, पत्रिकेच्या मागे सगळ्यांचे आभार छापलेत. कापणारे हात काय हो, कुठेही मिळतात."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. कापणारे हात! कुठेही मिळतात! असं कुणी कुणाला बोलतं? तोंडावर? माणसाने रात्रंदिवस जीव ओतायचा, आणि आयत्या बिळावर नागोबा ही बसणार, वर हे ऐकवणार! आणि मी, जिची जीभ कधी टाळ्याला टेकत नाही, ती मुकाट जिना उतरून आले.

जेवताना दोघांना सगळं सांगितलं. ते वाक्य तर तिच्याच सुरात म्हणून दाखवलं. "कापणारे हात काय हो, कुठेही मिळतात!" नवऱ्याला ठसका लागला. सासूबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि उठल्या. अर्धं ताट तसंच. त्या ताटात कधी शीत टाकत नाहीत.

माझा अपमान त्यांना इतका लागेल असं वाटलं नव्हतं. काही झालं तरी घरचं माणूस ते घरचं माणूस.

रविवार, २९

सकाळपासून पुरावा शोधते आहे. तो खडूने आखलेला कागद कुठे गेला? सासूबाई म्हणाल्या, रद्दीत. मी कपाळाला हात लावला.

"आता मी कशाने सिद्ध करू?"

त्या हाताने टीप घालत होत्या, खिडकीशी बसून. वर बघितलं नाही. "खाच आहे ना त्यात."

"मग?"

"मग काय. तुझ्या मॅडमला यायची नाही तशी मारता. ज्याची त्याला ओळखू येते."

मी ताडकन उठले. खाच! अगदी बरोबर! ती बाई जन्मात सांगू शकणार नाही तो ठिपका कसला आहे ते. आता बघतेच. सासूबाई आणखी काहीतरी म्हणत होत्या, पण मला शनिवारच्या प्रदर्शनाचे कपडे इस्त्रीला टाकायचे होते.

जाता जाता म्हटलं, "आई, तुम्ही येऊ नका हं तिकडे. तीन जिने आहेत, गुडघे धरतील."

"बोलावलंस कुठे," त्या म्हणाल्या.

शनिवार, ४ एप्रिल

आल्या आल्या लिहायला बसले.

दारातच टेबल. अंधारा कोनाडा, माझं खोकं, आत बल्ब. पंधरा-वीस माणसं अर्धगोल करून उभी, आणि ती मधोमध, हातात काठी. चित्रदालनाचे व्यवस्थापक बाजूला, चष्मा कपाळावर चढवलेला.

"आता या पाठीकडे बघा," ती म्हणाली. "पाठीवर एक उजेडाचा कण आहे. हा मी मुद्दाम ठेवला. युगानुयुगं वाकलेल्या स्त्रीच्या पाठीवरची ही आशा आहे."

"वा," कुणीतरी म्हणालं. एक बाई डोळे पुसत होती.

"आशा कसली बोडक्याची! खाच आहे ती!"

हे मीच ओरडले. सगळे वळले. मग मला थांबवणार कोण? "शर्टाची पुढची बाजू मागच्या बाजूला कुठे जुळवायची ते कळायला कडेला कात्रीने खाच मारतात. अर्धं नखभर. यांना विचारा, अशा किती आहेत आत? विचारा ना!"

तिची काठी खाली.

"चार आहेत. चारही तुकड्यांना. आणि तिसरी तिरकी आहे. खोकं मागून उघडा आणि बघा."

चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मागची फळी सरकवली. एकेक तुकडा बोटाने चाचपून मोजला. चार. तिसरी तिरकी. लोकांत कुजबुज सुरू झाली. ती काहीतरी बोलायला लागली, वर्ग, संकल्पना, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

"म्हणजे तुम्ही शिवणकाम करता," चष्मेवाले म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. बोलण्याच्या जोरात खरं तेच निघून गेलं.

"मग या खाचा कुणी मारल्या?"

आणि मला ते ताट दिसलं. अर्धं टाकलेलं. कडेला ठेवलेला घास. एवढ्या माणसांसमोर, डोळ्यांपुढे ते ताट, आणि मला कळलं की त्या रात्री सासूबाईंनी ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिल्यांदा भाजी निवडताना.

"बघा!" ती बाई लगेच म्हणाली. "यांनीसुद्धा दुसऱ्याकडूनच कापून घेतलंय!"

तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण खोटं काय बोलली?

"माझ्या सासूबाईंनी मारल्या," मी म्हटलं.

"आखणी कुणाची?"

"त्यांचीच."

"उजेड असा बाजूने टाकायचं?"

"त्यांचंच." "बल्बसुद्धा त्यांच्या मशीनचा आहे."

"मग तुमचं काय यात?"

"खोकं. कोपरे लावून बघा, चारही नव्वद अंशात आहेत. आणि वाकलेली बाई करायची, हे माझं. पण बाई..." मी खोक्यात बघितलं. तो पुढे केलेला हात, अंगठ्याजवळ जरा वाकडा. मशीनवर कापड सरकवताना असतो तसाच. "बाई त्याच आहेत."

चष्मेवाल्यांनी टेबलावरची पाटी उचलली आणि खिशातून पेन काढलं. "त्यांचं नाव?"

मी सांगितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडून मोठ्याने निघालं. घरात कायम आई, आई, नाहीतर मनात म्हातारी. त्यांना ऐकू आलं नाही, परत सांगावं लागलं. मग त्याखाली माझं लिहिलं. मी अख्खा महिना ज्या पाटीसाठी जळत होते ती हीच, आणि मला तिच्याकडे नीट बघवेना.

रविवार, ५

सकाळी सांगितलं. चहा देता देता, सगळं. मला वाटलं, रडतील किंवा जवळ घेतील. कसलं काय.

"तिसरी तिरकी आहे हे चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

"आई, पुरावा..."

"चांगली अब्रू घालवलीस. तीस वर्षांत माझी खाच तिरकी गेली नाही. त्या दिवशी पाऊण तास वाकून उभी केलीस मला, बस म्हणालीस का एकदा? आणि वर कापणारे हात! मिळतात ना कुठेही? मग आण की दुसरे!" कप दाणकन ठेवला. "माझा बल्ब कधी येणार परत? चार आठवडे अंधारात बसते आहे."

नवरा बाहेर जाऊन बस नसताना बसची वेळ बघत उभा राहिला. मी माफ करा म्हटलं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. प्रदर्शनाला याल का विचारलं, तर "तीन जिने आहेत ना?" मी म्हटलं, उचलून नेईन. "तुझी कंबर बघ आधी," म्हणाल्या.

दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. माझी मलाच इतकी चीड आली की टराटरा फाडावीशी वाटली. एवढं सगळं माझ्याच हाताने लिहिलं आहे, शाईने, तारीख घालून, आणि लिहिताना मला कळलं नाही? पण फाडून काय होणार. मग ठरवलं. ज्या ज्या पानावर त्यांचं काम आहे त्या पानाला खाच मारायची. लहान कात्री घेतली, ती बोथट, पान नुसतं चुरगळतं. इकडेतिकडे बघितलं आणि मोठी घेतली. चिंधी गुंडाळलेली.

आठ तारीख. बारा. पंधरा. एकवीस. अठ्ठावीस. एकोणतीस. काल.

"माझी कात्री कागदावर कोण चालवतंय?"

आवाज एवढाच ऐकतात त्या, बाकी घरात भांडी पडली तरी ऐकू येत नाही. येऊन कात्री हिसकावली, धार अंगठ्यावर बघितली, माझा उद्धार केला. मग वही ओढून घेतली. काय वाचलं, किती वाचलं माहीत नाही, चष्मा डोळ्यांवर होता. कडेवरून बोट फिरवलं. सातही खाचांवरून, एकेक.

"एवढी खोल मारत नाहीत," म्हणाल्या. "शिवणीच्या बाहेर जाते."

"मग कशी मारतात?"

वही माझ्यापुढे टाकली. "हे आजचं पान लिहून संपव आधी. मग दाखवते."

म्हणून लिहिते आहे. त्या समोर उभ्या आहेत, कात्री उघडी धरून, आणि म्हणतायत, आटप लवकर, हात दुखतो. मी म्हटलं, आई, आधी बसा.